बंबाची गळती: नगरच्या न्हाणीघरातील एका तांब्याच्या यंत्राचा इतिहास

१/ नगरच्या जुन्या वाड्यांत न्हाणीघराच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब उभा असे. पहाटे त्याच्या पोटात विस्तव पडे आणि घरातील सर्वांच्या आंघोळी आटोपेपर्यंत तो विझत नसे. अशा बंबाला केव्हा ना केव्हा गळती लागेच. मग तांबट डाख लावी आणि बंब पुन्हा कामाला लागे. ही गळती आणि तिची दुरुस्ती हा आजच्या थ्रेडचा विषय. #इतिहास #नगर

२/ विषय किरकोळ वाटेल. वस्तूंचा इतिहास लिहिताना ती कोणी घडवली आणि कोणत्या राजवटीत घडवली, हे आपण विचारतो. ती बिघडल्यावर काय झाले, हे क्वचितच विचारतो. परंतु घडणीला काही दिवस लागतात, आणि त्यानंतरची सारी वर्षे वस्तू दुरुस्त करणाऱ्याच्या भरवशावर जगते. बंब तीन-तीन पिढ्या चालत. ते गळत नव्हते म्हणून चालले असे नाही; गळल्यावर त्यांना नीट करता येत असे, म्हणून चालले.

३/ प्रथम शब्दाकडे पाहू. 'बंब' हा शब्द अभ्यासक पोर्तुगीज 'बोंबा' या शब्दाशी जोडतात. त्याचा अर्थ पाणी उपसण्याचा पंप. मराठीत या एका शब्दाने दोन यंत्रे ओळखली जातात: आग विझवणारा आगीचा बंब आणि पाणी तापवणारा न्हाणीघरातील बंब. एक आगीवर पाणी ओततो, दुसरा पाण्याच्या मधोमध आग सांभाळतो. या दुसऱ्या बंबाची सारी खुबी आणि सारी दुखणी या 'मधोमध' शब्दात आहेत.

४/ रचना अशी. बाहेर तांब्याच्या पत्र्याचे उभे पिंप. त्याच्या मध्यातून तळापासून वरपर्यंत गेलेली रुंद नळी. नळीच्या तळाशी लोखंडी जाळी, जाळीखाली राख पडण्याची जागा. नळी आणि पिंप यांच्यामधील पोकळीत पाणी. वर पाणी ओतण्याचे तोंड व त्यावर झाकण, खाली पितळी तोटी, दोन्ही बाजूंस उचलण्याच्या कड्या. जळण वरून नळीत टाकायचे. धूर त्याच नळीने वर जातो.

५/ चुलवणावर हंडा ठेवला की ज्वाळेचा बराच भाग हंड्याच्या कडेने निसटून जातो. बंबात मात्र विस्तवाला चहूबाजूंनी पाण्याने वेढलेले असते. हेच तत्त्व रशियातील तुला शहरात अठराव्या शतकापासून घडणाऱ्या समोवारमध्ये आहे, आणि काश्मिरी चहाच्या समोवारमध्येही. रेल्वे इंजिनाच्या बॉयलरमध्ये एका नळीऐवजी अनेक नळ्या असत, इतकेच. घरगुती बंब हा या मोठ्या कुटुंबाचा साधा सदस्य होय.

६/ तांबेच का? तांबे लोखंडाच्या सुमारे पाचपट उष्णता वाहून नेते, आणि ते लोखंडासारखे गंजून भुगा होत नाही. शिवाय ते हातोडीला वश होते. ठोकून ठोकून पत्रा कडक झाला की तो लालसर होईपर्यंत तापवायचा; तो पुन्हा मऊ होतो. हा गुण घडणीच्या वेळी जितका उपयोगी, तितकाच दुरुस्तीच्या वेळी. पन्नास वर्षांचा जुना पत्राही तापवून मऊ करता येतो आणि पोचा काढता येतो.

७/ नगर शहराचा पाया पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशाहाने घातला. विणकरांबरोबर धातुकाम करणारे कारागीरही या शहराच्या बाजारपेठेचा भाग झाले. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये येथील कासार आणि तांबट समाजांची नोंद आहे. त्याआधी काही वर्षे, १८७८ मध्ये, धोंड (आजचे दौंड) ते मनमाड हा लोहमार्ग नगरवरून सुरू झाला होता. मुंबई बंदरात उतरलेल्या धातूच्या पत्र्यांना नगरची वाट सोपी झाली.

८/ शेजारच्या पुण्यात पेशवाईच्या काळात कोकणातून आलेले तांबट कसबा पेठेत वसले. त्यांची वस्ती आजही तांबट आळी म्हणून ओळखली जाते. भांड्याच्या पृष्ठावर गोल तोंडाच्या हातोडीने एकसारखे ठोके देण्याच्या त्यांच्या कामाला मठारकाम म्हणतात. हे ठोके शोभेसाठी आहेत असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः त्यांनी पत्रा कडक होतो आणि भांडे सहजासहजी चेपत नाही. सौंदर्य हा त्या कामाचा दुसरा लाभ.

९/ आता सांध्यांकडे येऊ, कारण गळती बहुधा तेथूनच सुरू होते. तांब्याच्या भांड्यात दोन प्रकारचे जोड असत. पहिला पितळेच्या डाखाचा: पत्र्याच्या कडांना दात कापून ते एकमेकांत अडकवायचे, टाकणखार घालून भट्टीत पितळ वितळवून जोड भरायचा. यास ८५० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते. दुसरा कथिल आणि शिशाच्या मिश्रणाचा मऊ डाख. तो दोनशे अंशांच्या आसपासच वितळतो.

१०/ येथे प्रश्न पडतो. लाकडाचा विस्तव सहाशे-सातशे अंशांच्या वर सहज जातो. मग दोनशे अंशांत वितळणारा डाख बंबात टिकतो कसा? उत्तर पाण्यात आहे. उघड्या भांड्यातील पाणी साधारण १०० अंशांच्या वर तापत नाही. तांबे उष्णता इतक्या वेगाने पाण्याकडे देते की पत्र्याचे तापमानही पाण्याच्या जवळपासच राहते. पाणी आहे तोवर डाख सुरक्षित.

११/ आणि पाणी संपले की काही मिनिटांत डाख पाघळतो. म्हणूनच जुन्या घरांतील शिस्त होती: आधी पाणी, मग विस्तव, आणि घेतले तेवढे गार पाणी लगेच परत ओतायचे. शेवटच्या माणसाने तोटी सोडून बंब रिकामा करायचा नाही. मोठी माणसे हे लहानांना बजावत, तेव्हा कोणी वितळणबिंदूचे कारण सांगत नसे. कारण मात्र तेच होते. ही शिस्त मोडली की तांबटाला बोलावण्याची वेळ येई.

१२/ दुसरे कारण नगरच्या जमिनीत आहे. जिल्ह्याचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला असून अनेक विहिरींचे पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त आहे. असे पाणी तापले की त्यातील कॅल्शियमचे क्षार पांढरा थर होऊन नळीच्या बाहेरच्या अंगावर बसतात. थर वाढला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, आणि पाणी असूनही त्या जागचा पत्रा फाजील तापतो. तेथील डाख प्रथम सुटतो.

१३/ या थराचा आणखी एक खेळ आहे. बारीक छिद्रात क्षार साचून ते आपोआप बुजते आणि गळती थांबल्यासारखी वाटते. पुढे कोणी उत्साहाने बंब आतून खरवडून स्वच्छ केला की दुसऱ्या दिवशी तो गळू लागतो. दोष स्वच्छतेचा नसतो. छिद्र आधीचेच असते. थराने ते झाकलेले असते. जुन्या पाइपांच्या आणि बॉयलरांच्या बाबतीतही हाच अनुभव येतो.

१४/ तिसरी जागा तोटी. दिवसातून अनेकदा फिरणारा बंबातील हा एकमेव भाग. तोटीची झीज, आटे सैल होणे, हिसका बसून तिच्या बुडाचा डाख तडकणे ही नेहमीची दुखणी. चौथी जागा तळ: ओली राख साचून राहिली तर तिच्यातील क्षार आणि ओल मिळून पत्रा खातात, आणि लोखंडी जाळी गंजून निखारे तळाच्या सांध्याला भिडतात. राख रोज काढण्यामागे नीटनेटकेपणाहून मोठे कारण होते.

१५/ आता एक फसवी गळती. थंडीच्या दिवसांत गार पाण्याने भरलेला बंब पेटवला की पहिल्या काही मिनिटांत जाळीखाली थेंब पडू लागतात. घरचे घाबरतात. हे पाणी बंबातील नसून जळणातील असते. लाकूड कितीही वाळलेले असले तरी त्यातील हायड्रोजन जळून वाफ तयार होते: पूर्ण कोरडे १ किलो लाकूड जळताना सुमारे अर्धा किलो पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते.

१६/ ही वाफ गार नळीला लागली की तिचे दव होते आणि खाली टपकते. बंबातील पाणी साधारण ५०-६० अंशांपर्यंत तापले की दव धरणे थांबते. म्हणून ओळख सोपी आहे: पाणी तापल्यावर थेंब थांबले तर तो घाम, तापल्यावरही पडत राहिले तर ती गळती. विस्तव न पेटवता रात्रभर बंब भरून ठेवावा आणि खाली कोरडा कागद घालावा. सकाळी कागद खरे सांगतो.

१७/ गळती खरी ठरली की जागा शोधायची. पाणी जेथे टपकते तेथेच छिद्र असेल असे नाही. ते सांध्याच्या कडेने वाहत खाली येते. बाहेरच्या अंगाला कोरडी राख किंवा चुना चोळला की ओल प्रथम जेथे उमटते ती जागा खरी. नळीचे छिद्र शोधायचे तर बंब रिकामा करून अंधारात नळीत दिवा धरायचा आणि वरच्या तोंडातून पाण्याच्या पोकळीत पाहायचे. सुईच्या टोकाएवढे छिद्रही चांदणीसारखे चमकते.

१८/ मग दुरुस्ती. पहिली पायरी बंब पूर्ण रिकामा करून वाळवण्याची. पाणी डाखाला वाचवते हे वर पाहिले. तेच पाणी आत राहिले तर नवा डाख धरतच नाही, कारण पत्रा पुरेसा तापत नाही. दुसरी पायरी जागा खरवडून तांब्याचा लाल रंग दिसेपर्यंत उघडी करण्याची. काजळी, क्षार, हिरवा कळंक यांपैकी काहीही उरले तर डाख मोत्यासारखा गोळा होऊन घरंगळतो.

१९/ तिसरी पायरी नवसागराची. तापलेल्या तांब्यावर नवसागर टाकला की हवेमुळे धरलेली पुटे निघून जातात आणि कथिल पसरते. कल्हईवाल्याच्या भोवती उठणारा पांढरा धूर याचाच. छिद्र बारीक असेल तर नुसता डाख पुरतो. मोठे असेल तर तांब्याचे ठिगळ कापून, त्याला आतून कथिल लावून, जागेवर दाबून तापवायचे. नळीच्या आतल्या, विस्तवाच्या अंगाला मात्र जाणता कारागीर मऊ डाखावर विसंबत नाही. तेथे पितळेचा डाखच हवा.

२०/ घरगुती उपायही होते. तोटीच्या बुडाशी सुताचा दोरा गुंडाळणे, छिद्रात साबण दाबून भरणे, आणि अलीकडे इपॉक्सीची लांबी लावणे. गार अंगाला, तोटीजवळ, हे काही काळ चालते. विस्तवाच्या अंगाला साबण आणि लांबी दोन्ही जळून जातात. घरचा उपाय कोठे पुरतो आणि कारागीर कोठे लागतो, ही सीमारेषा जुन्या गृहिणींना अचूक ठाऊक असे.

२१/ एवढा खटाटोप का? हिशेब करू. सुमारे २० थेंबांचे १ मिलिलिटर पाणी होते. सेकंदाला १ थेंब म्हणजे तासाला १८० मिलिलिटर आणि दिवसाला ४ लिटरांहून अधिक. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते आणि ज्याच्या पूर्वेकडील तालुक्यांना दुष्काळ नवा नाही, तेथे रोजचे ४ लिटर पाणी क्षुल्लक नव्हते. ते विस्तवावर पडले तर जळणही वाया जाते.

२२/ आता या थ्रेडमधील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. बंब गळतो, पण फुटत नाही. त्याचे झाकण सैल असते. वाफ झाली तर झाकण हलवून निघून जाते. १ लिटर पाण्याची वाफ सुमारे १,६०० लिटर जागा मागते. ही जागा मिळाली नाही तर तीच वाफ लोखंड फाडते. म्हणून बंबाचे झाकण घट्ट बंद करणे किंवा त्याला परस्पर बंद नळ जोडणे ही सुधारणा नसून घातपात आहे.

२३/ बंद भांड्याची गळती चुकीची दुरुस्त केली तर काय होते, याचे भयंकर उदाहरण अमेरिकेत आहे. एप्रिल १८६५. यादवी युद्ध संपत आले होते. मिसिसिपी नदीवरील 'सुलताना' या आगबोटीच्या एका बॉयलरला व्हिक्सबर्ग येथे गळती लागल्याचे आढळले. फुगलेला पत्रा कापून नवा बसवण्यास काही दिवस लागले असते. सुटका झालेल्या युद्धकैद्यांची वाहतूक हे मोठ्या कमाईचे काम होते. म्हणून घाईने ठिगळ लावून बोट निघाली.

२४/ ३७६ जणांची परवानगी असलेल्या त्या बोटीवर २,००० हून अधिक माणसे होती. २७ एप्रिलच्या पहाटे मेम्फिसच्या वरच्या अंगाला बॉयलर फुटले आणि किमान १,१०० माणसे मेली. ठिगळ, कमी पाणी, बोटीचे डोलणे यांपैकी कशाचा वाटा किती, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. ठिगळ मूळ पत्र्याहून पातळ होते, हे मात्र नोंदलेले आहे. नगरच्या तांबटाने लावलेले ठिगळ सुटले तर न्हाणीघर ओले होई. येथे नदी प्रेतांनी भरली.

२५/ भारतातही धडा अपघातानेच मिळाला. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट होऊन माणसे दगावली आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. प्रांतोप्रांतीच्या निरनिराळ्या कायद्यांची जागा १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याने घेतली. दाबाखाली वाफ निर्माण करणारे बंद भांडे त्याच्या कक्षेत येते. उघडा बंब त्यात कधीच बसला नाही. २०२५ मध्ये संसदेने त्या जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला.

२६/ नगर जिल्ह्याला हे दुसरे, बंद बॉयलरही चांगले परिचित आहेत. १९२६ मध्ये प्रवरेवरील भंडारदरा धरण पूर्ण झाले, कालव्यांखाली ऊस पसरला. हरेगाव येथे बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना होता. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. या कारखान्यांचे जळण म्हणजे रस काढून उरलेले उसाचे चिपाड, अर्थात बगॅस.

२७/ हंगामाआधी कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपनाचा सोहळा होतो. पूजा होते, भाषणे होतात, छायाचित्रे छापून येतात. छायाचित्रात न येणारे काम त्याआधी झालेले असते: नळ्या तपासणे, गळक्या नळ्या बदलणे, आणि गार पाणी भरून चालू दाबाहून अधिक दाब देऊन परीक्षा घेणे. गारच पाणी का? पाणी जवळजवळ दाबले जात नाही. सांधा सुटलाच तर धार उडते, स्फोट होत नाही. बंब रात्रभर भरून ठेवण्याच्या घरगुती परीक्षेचे हे थोरले रूप.

२८/ जळणाचाही इतिहास आहे. घरच्या बंबात बाभळीचे सरपण, तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, चिपाडे असे हाती येईल ते जाई. वखारीजवळच्या वस्तीत लाकडाचा भुसा ठासून भरलेली शेगडी पेटे. हिवरे बाजारसारख्या गावांनी कुऱ्हाडबंदी स्वीकारली, तेव्हा सरपणाचा प्रश्न उघडपणे समोर आला. आज बगॅस, भुसा आणि शेतातील काडीकचरा दाबून केलेल्या विटकुरांना आपण 'पांढरा कोळसा' म्हणतो. त्याचेच करंगळीहून बारीक रूप म्हणजे पेलेट.

२९/ युरोपातील थंड देशांत या पेलेटवर चालणारे बॉयलर अनेक घरांत आहेत. तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ते ठाऊक असतील. जळण आपोआप पडते, तापमान यंत्र सांभाळते, पाणी बंद नळांतून खोल्याखोल्यांत फिरते. पण जुने झाले की तेही गळतात, आणि प्रश्न तेच असतात: हा घाम की गळती? सांधा की पत्रा? परत येणारे पाणी फार गार असल्याने दव धरून धातू खाल्ला जातो आहे का? फरक एवढाच की ते बंद यंत्र आहे. तेथे ठिगळ लावणे हे जाणत्या तंत्रज्ञाचेच काम.

३०/ आपल्याकडे बंब का गेला? वीज आली, गॅस आला, गच्चीवर सौर तावदाने आली. धूर गेला, पहाटेचे कष्ट गेले, आणि ते कष्ट बहुधा बायकांचे होते. म्हणून हळहळताना जपून बोलावे. दार-खिडक्या बंद असलेल्या न्हाणीघरात विस्तव पेटवणे जीवघेणेही असते, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंब जाण्यात नुकसान वाटावे ते याबद्दल नव्हे.

३१/ नुकसान दुसरीकडे आहे. बंब मोडीत गेला की तो तांब्याच्या भावाने वजनावर विकला जातो आणि वितळतो. त्याबरोबर त्याच्या अंगावरचा पुरावाही वितळतो. भांड्यावर नाव घालण्याची आपली पद्धत: नाव, गाव, कधी तिथी वा साल, कधी 'लग्नानिमित्त' दिल्याचा उल्लेख. त्याशेजारी ठिगळांचे वेगवेगळ्या छटांचे तांबे, बदललेली तोटी, मऊ डाखावर पुढे चढवलेला पितळेचा डाख. घराच्या बऱ्या-वाईट दिवसांची ही नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

३२/ पुण्यात दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, भांडी अशा रोजच्या वापराच्या वस्तू गोळा केल्या, म्हणून आज राजा केळकर संग्रहालयात त्या पाहता येतात. संग्रहालयात बहुधा सुबक वस्तूंना जागा मिळते. डागडुजी झालेला, काळवंडलेला, चार ठिगळांचा बंब तेथे पोचणे कठीण. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्या चार ठिगळांना कोऱ्या बंबाहून अधिक सांगायचे असते.

३३/ तांबटाच्या ज्ञानाचेही तेच. कोणत्या सांध्याला कोणता डाख, किती तापवायचे, कोठे हात आखडायचा, हे लिहून ठेवण्याची त्याला गरज पडली नाही. काम समोर येत होते, शिकणारा शेजारी बसत होता. काम थांबले की शिकवणे थांबते. आपण नव्या वस्तू विकत घेताना 'किती वर्षे टिकेल' असे विचारतो. 'बिघडल्यावर कोण उघडेल आणि कसे उघडेल' हा प्रश्न बंबाच्या पिढीला विचारावाच लागत नसे.

३४/ तेव्हा मित्रहो, एक काम करा. आजोळी, माळ्यावर, गोठ्याच्या कोपऱ्यात बंब असेल तर तो मोडीत जाण्यापूर्वी त्याची नोंद घ्या. उंची, घेर, तोटीचा प्रकार, घातलेले नाव, प्रत्येक ठिगळाची जागा. चारही बाजूंनी आणि नळीच्या आतून छायाचित्र काढा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा: हा कोणी आणला, प्रथम केव्हा गळला, कोणी नीट केला, काय मजुरी दिली. उत्तरे तारखेसह लिहून ठेवा.

३५/ शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. राजवटींच्या, किल्ल्याच्या आणि नामांतराच्या नोंदी सरकार दरबारी सुरक्षित आहेत. न्हाणीघरातील तांब्याची नोंद मात्र आपल्यालाच करावी लागेल. तुमच्याकडील बंबाची माहिती आणि गळतीच्या कथा खाली अवश्य लिहा. गाव आणि तालुका नमूद करा. जमलेल्या नोंदी पुढच्या थ्रेडमध्ये तालुकावार एकत्र करू.